दररोजचें एक पान

विद्यार्थिमित्रहो, रात्रीं निजण्यापूर्वीं प्रार्थना करण्याची संवय आपल्यापैकीं पुष्कळांस आहे. परंतु काल रात्रीं आपण प्रार्थनेंत काय म्हटलें, हें आज सकाळीं किती जणांस सांगतां येईल? "देवा, सर्व गोष्टींबद्दल तुझे आभार," एवढें म्हटलें कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपणांस वाटतें. पण सर्व गोष्टींबद्दल एकदम आभार मानणाऱ्याला त्यांतली एकही गोष्ट बहुधा आठवत नाहीं. यावर आम्ही एक साधा उपाय सुचवितों : रोज वहीचें एक पान लिहावें.

रोजच्या लेखनांत श्रद्धा कशी मुरते, हें पाहावयाचें असल्यास पंडिता रमाबाईंचें चरित्र वाचावें. लहानपणीं त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई त्यांना पहाटे उठवून तोंडीं पाठ देत. अशा रीतीनें संस्कृत विद्या मिळविलेल्या रमाबाईंनीं पुढें हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि केडगांव येथें संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. ह्या कामीं त्यांच्या आयुष्याचीं अखेरचीं सुमारें १८ वर्षें खर्चीं पडलीं. शेंकडों निराश्रित स्त्रियांचा संसार सांभाळून त्यांनीं हें लेखन केलें. विशेष हें कीं, एवढ्या मोठ्या विदुषीनें जड शब्द टाळून खेड्यांतील बायकांस कळेल अशी सोपी भाषा योजिली. खिळे जुळविण्याचें व छपाईचें कामही तेथील स्त्रियांनींच केलें.

१९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तली. त्यानंतर रमाबाईंनीं लेखणी खालीं ठेविली असती, तर त्यांना कोणीही बोल लाविला नसता. परंतु त्यांनीं काम सोडलें नाहीं. भाषांतर तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभुवासी झाल्या. समग्र ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. तो पाहण्यास त्या नव्हत्या. प्रार्थनेवर त्यांचा गाढ विश्वास होता. तरीही शब्दामागून शब्द त्यांना स्वतःच्या हातानेंच लिहावा लागला.

आपलें पान लहानसेंच असणार. त्यांत काय लिहावें? ज्या वस्तूबद्दल किंवा माणसाबद्दल आभार मानावयाचे, तिचें अथवा त्याचें नांव लिहावें. "आज जेवण मिळालें" असें लिहिण्यापेक्षां "आईला ताप असतांही तिनें भाकऱ्या भाजल्या" असें लिहावें. दुसरें वाक्य लिहितांच उद्यां पाणी कोणीं भरावें, हा प्रश्न आपोआप मनांत येतो. कृतज्ञतेची खरी परीक्षा तेथेंच आहे.

दुसरी गोष्ट, पानावर खोटें लिहूं नये. आम्हीं ही संवय आरंभिली तेव्हां कांहीं आठवडे रोज तेंच गोड वाक्य उतरवीत होतों. पुढें घरांत दुखणें आलें. एके रात्रीं आभाराचा शब्द सुचेना, म्हणून आम्हीं लिहिलें, "देवा, आज मला तुझा राग आला आहे." लिहून झाल्यावर भीति वाटली, पण आमच्या वहींतील पहिली खरी प्रार्थना तीच होती, असें आतां वाटतें. स्तोत्रसंहितेंतही स्तुतीबरोबर गाऱ्हाणीं आहेतच.

पालकांस एक विनंति. मुलाची ही वही तपासूं नका. तिला गुण द्यावयाचे नाहींत. त्यापेक्षां आपणही एक वही घाला. सायंकाळीं दिव्यापाशीं वडील माणूस लिहीत बसलेलें दिसलें, तर मुलास निराळा उपदेश करावा लागणार नाहीं.

आणि मित्रहो, एखादे दिवशीं पान कोरें राहिलें तर वही फेंकून देऊं नका. त्या दिवसाची तारीख तेवढी घाला आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां लिहावयास बसा.