खाज थांबते, नायटा वाढतो!

पावसाळा लागला की होस्टेलवर नायट्याची साथ ठरलेली. न वाळलेली जीन्स, एकमेकांचे टॉवेल, दुसरे काय होणार? मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'खाजेवर काहीतरी द्या' म्हणून एक ट्यूब येते आणि विंगभर फिरते. दोन दिवसांत खाज गायब! ट्यूब संपली की तोच चट्टा दुप्पट होऊन हजर. असे का होते ते शोधताना मला, बारावीनंतर बायोलॉजीला रामराम ठोकलेल्या माणसाला, पुन्हा तिच्याच दारात जावे लागले.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसले तर ते स्टेरॉइड. आपल्याच अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या कॉर्टिसॉलचे हे जास्त जोरदार भावंड. इन्सुलिन पेशीच्या दारावर बेल वाजवून बाहेरच थांबते. स्टेरॉइड मात्र स्निग्ध, त्यामुळे सरळ आत शिरते. आत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर नावाचे प्रोटीन वाटच पाहत असते. स्टेरॉइड त्याला चिकटले की त्याचा आकार बदलतो, ते केंद्रकात जाते आणि जस्ताच्या अणूंवर बेतलेल्या 'बोटांनी' डीएनएवरची ठरावीक जागा पकडते. मग काही जीन्स चालू, काही बंद. म्हणजे सेन्सर आणि स्विच एकाच पॅकेजमध्ये! माणसात असे ४८ न्यूक्लियर रिसेप्टर आहेत. थायरॉइड, इस्ट्रोजेन, ड जीवनसत्त्व यांचे रिसेप्टर याच घराण्यातले. आपल्या या रिसेप्टरचा मानवी जीन १९८५ साली अमेरिकेत रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने वेगळा काढला.

आता खरी गोम. जंतू आले की एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रोटीन धोक्याची घंटा वाजवणारे जीन्स चालू करते. लाली, सूज हा त्याचाच गोंगाट. आपला रिसेप्टर नेमका याच प्रोटीनला दाबतो. घंटा बंद, चोर घरातच! बुरशी निवांत पसरते. चट्ट्याची गोल कडाही पुसट होते, त्यामुळे डॉक्टरसुद्धा चकतात. या वेषांतर केलेल्या नायट्याला 'टिनिया इनकॉग्निटो' असे नावच आहे. शिवाय कोलॅजेनचे जीन्सही मंदावतात, कातडी पातळ होते आणि जांघेत पडलेले पांढरे चरे पुढे जात नाहीत.

स्टेरॉइड म्हणजे विष, असे मात्र नव्हे. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तिथे प्रतिकारशक्तीच फुप्फुसावर उलटली होती. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काही फायदा दिसला नाही.

नायट्याला बुरशीनाशक औषधच लागते, तेही चट्टा दिसेनासा झाल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस. महिनोन्‌महिने ट्यूब लावली असेल तर ती मनानेच एकदम बंद करू नका, कधी कधी आग आणि लाली उसळते. डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब खिशात घेऊन जा, रिकामी असली तरी.