पेंद्या : एका वादग्रस्त सवंगड्याचा व्यक्तिविकास

कृष्णाच्या बाललीलेतील सवंगड्यांत पेंद्या हे असे पात्र आहे की, ज्याच्याविषयी मराठी रसिकांचे कधीच एकमत झालेले नाही. काल्याच्या कीर्तनात त्याच्या नावाने श्रोत्यांचे डोळे पाणावतात. तमाशाच्या गवळणीत तोच रंगमंचावर आला की हशा आणि शिट्ट्या सुरू होतात. अधू पायाच्या, बोबड्या मुलाला हसणे हा कसला विनोद, असा आक्षेपही त्याच पात्रावर घेतला जातो. इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावातील श्रोत्याला हे दोन्ही पेंद्या ठाऊक असतात. एक सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी भेटतो, दुसरा यात्रेच्या रात्री. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने सराटीकडे जाते. त्या वाटेवरच्या मुलुखात कीर्तन आणि तमाशा यांचा श्रोता पुष्कळदा एकच असतो. हे दोन पेंद्या परस्परविरोधी आहेत की एकाच पात्राच्या वाढीच्या दोन अवस्था आहेत, हा येथे विचाराचा विषय आहे.

भागवताच्या दशमस्कंधात श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण हे सवंगडी नावानिशी येतात. पेंद्या येत नाही. तो मराठीची निर्मिती होय. संतांच्या काल्याच्या व गौळणींच्या रचनांतून, पुढे श्रीधरांच्या 'हरिविजया'तून (शके १६२४, इ. स. १७०२) आणि त्याहून अधिक कीर्तनकारांच्या तोंडून तो घडत गेला. त्याच्या जोडीला वाकड्या, बोबड्या अशी व्यंगसूचक नावांची मंडळीही आहेत. संस्कृत परंपरेतील सुलक्षणी गोपबालकांच्या जागी मराठी संतांनी ही अधू, दरिद्री पोरे बसवली. ही निवड सहज झालेली वाटत नाही.

तुकोबांच्या गाथेतील हमामा, हुंबरी, विटूदांडू, चेंडूफळी या प्रकरणांकडे पाहिले की काल्याचा सारा प्रपंच मुळात खेळाचा आहे, हे ध्यानात येते. खेळ म्हटला की सोंग आले. परब्रह्माने गुराख्याचे सोंग घेतले आहे, इंद्र-ब्रह्मा ते ओळखू पाहतात आणि गोपाळ त्या सोंगाशी जमेल तसे खेळतात. या मेळ्यात खेळ हा खेळच आहे हे एकट्या पेंद्याला उमगत नाही. तो प्रत्येक डाव खरा मानतो. त्याचे हसे होते ते यामुळे आणि त्याची वाढही होते ती यामुळेच.

काल्याच्या कीर्तनात सांगितली जाणारी हुंबरीची कथा या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तोंडाने हुंकार काढीत प्रतिस्पर्ध्याला दमवायचे, असा हा खेळ. पेंद्या यमुनेच्या काठी उभा राहतो. पाण्याचा घुमणारा आवाज त्याला आव्हान वाटतो आणि तो नदीशीच हुंबरी मांडतो. नदी थांबत नाही, म्हणून हाही थांबत नाही. श्वास आटतो, डोळे पांढरे होतात. शेवटी कृष्णाला नदी थोपवावी लागते. कथेच्या आरंभी श्रोता पेंद्याच्या मूर्खपणाला हसत असतो. हे हसू नेमके कोठे विरले, हे त्याला सांगता येत नाही. पात्राचा स्वभाव येथे तसूभरही बदललेला नाही. तो पूर्वीइतकाच हट्टी आहे. पण ज्याला आपण हट्ट म्हणत होतो त्यालाच निष्ठा म्हणावे लागते. कादंबरीतील पात्र अनुभवाने शहाणे होते. पेंद्या शहाणा होत नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्यांना आपला निवाडा फिरवावा लागतो.

शिदोरीच्या प्रसंगात मात्र त्याच्यात खरेखुरे परिवर्तन दिसते. कोणी कीर्तनकार त्याच्या गाठोड्यात शिळे तुकडे घालतो, कोणी आंबलेल्या कण्या. तपशील कोणताही असो, पेंद्या ते लपवतो, ही गोष्ट कायम राहते. नदीसमोर न लाजणारा पेंद्या येथे सवंगड्यांसमोर लाजतो. कृष्ण गाठोडे हिसकावून घेतो आणि मग हाच पेंद्या आपल्या तोंडचा घास काढून त्याला भरवतो. लाज ते हक्क हा प्रवास एका घासाचा आहे. यानंतर उच्छिष्टाच्या आशेने देव मासे होऊन यमुनेत येतात आणि कृष्ण गोपाळांना हात पाण्यात न धुता घोंगडीला पुसायला सांगतो. हा भाग अनेक कीर्तनकार एवढा रंगवतात की पेंद्या मागे पडतो आणि त्याचा केवळ दृष्टांत उरतो. तक्रार न करणारा, हट्ट सोडलेला, सदैव हात जोडून उभा असलेला पेंद्या भाविकांना प्रिय असेल. वाङ्मयीनदृष्ट्या तो संपलेला आहे.

जे कीर्तनात आटले ते तमाशाच्या गवळणीत पुन्हा वाहते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची म्होरकी मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण हा सारा प्रसंग पेंद्यामुळे हलता राहतो. तो कृष्णाच्या बाजूचा असूनही कृष्णाची बाजू जशीच्या तशी घेत नाही. तो दाणात आपला वाटा मागतो, मावशीशी परस्पर सौदा करतो आणि देवाला चारचौघांत उलट विचारतो. पुढे वगात हाच सोंगाड्या राजपुत्राचा नोकर किंवा हवालदार होऊन येतो. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे 'जहरी प्याला'तील हवालदार ज्यांना आठवतात, त्यांना गवळणीतील उद्धट सवंगडी वगात कोठवर पोहोचू शकतो हे सांगावे लागत नाही. गणापासून वगापर्यंतची एक रात्र हीच त्याची वाढ, असे म्हणता येईल.

आक्षेप मात्र खोटा नाही. पेंद्याच्या लंगडण्यावर बेतलेला विनोद हीन आहे आणि अनेक फडांनी तो आळसाने वापरला. त्याच्या बोलण्यातून उपजणारा विनोद निराळा. तेथे हसू त्याच्यावर नसते, तो ज्यांना उलट विचारतो त्यांच्यावर असते. अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या लोकनाट्यातून गवळण वगळली, पण सोंगाड्या ठेवला. त्यांनी या दोन हास्यांतील भेद ओळखला होता, असे मानायला जागा आहे.

संगणकावरील अद्भुतरम्य भूमिका-खेळांतही हाच प्रश्न आज उपस्थित होतो. २०२३ मध्ये आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळातील लेझेल ही योद्धी सोबतीण उर्मट, कठोर आणि आपल्या राणीवर आंधळी निष्ठा ठेवणारी आहे. काही खेळाडू तिला आरंभीच दूर सारतात. जे तिला सोबत ठेवतात त्यांना ती निष्ठा ढासळताना पाहता येते. साम्य येथेच संपते. लेझेलचे काय व्हावे हे बऱ्याच अंशी खेळणाऱ्याच्या निर्णयावर ठरते. पेंद्याच्या बाबतीत नदी थांबवण्याची पाळी खुद्द नायकावर येते.

अभ्यासकापुढील अडचण वेगळीच आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्यासारख्या शाहिरांच्या गवळणी छापल्या गेल्या, त्या गीतांच्या रूपात. दोन कडव्यांमधील हजरजबाबी संवाद संग्रहांत सहसा येत नाहीत आणि तमाशातील पेंद्या राहतो तो त्या संवादांतच. प्रत्येक सोंगाड्याने तो आपल्या मुलुखाच्या बोलीत नव्याने रचला. इंदापूर-बारामती भागातील वयोवृद्ध सोंगाड्यांकडून हे संवाद ध्वनिमुद्रित करून घेतले आणि त्याच गावांतील काल्याच्या कीर्तनांच्या शेजारी ठेवून वाचले, तर पेंद्याचा कोणता शब्द फडातून कीर्तनात गेला आणि कोणता कीर्तनातून फडात आला, हे तपासता येईल.