मीठ, अवटू ग्रंथी आणि मुलांची बुद्धी

परभणी जिल्ह्यापासून समुद्रकिनारा सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. जिंतूरच्या डोंगराळ भागापासून गोदाकाठच्या गंगाखेडपर्यंत कोठेही मीठ पिकत नाही. देशातील बहुतांश मीठ गुजरातच्या मिठागरांत तयार होते. या मिठाबरोबर आयोडीन हे मूलद्रव्य घरोघरी पोहोचावे अशी योजना शासनाने केली आहे, आणि ते पोहोचते की नाही यावर शाळेत येणाऱ्या पुढच्या पिढीचे बरेच काही अवलंबून आहे.

शरीरातील काही ग्रंथींना नलिका नसतात. त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवांना कामाला लावतो. इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली अशा स्रावांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. मराठीत रूढ झालेला 'संप्रेरक' हा शब्दही तितकाच समर्पक आहे. स्वादुपिंडातील इन्सुलिन कमी पडले की मधुमेह जडतो, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची जी अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, असते तिच्याविषयी मात्र तेवढी जाण दिसत नाही.

ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि त्यासाठी तिला आयोडीन लागते. शरीराची ऊब, हृदयाची गती, वाढ आणि मेंदूची जडणघडण या संप्रेरकावर अवलंबून असते. रक्तात ते कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी अवटू ग्रंथीला अधिक काम करण्याचा आदेश देते. परंतु आयोडीनच नसेल तर आदेशाचा काय उपयोग? सेलू-मानवतच्या बाजारात कापूस आलेला नसताना जिनिंगच्या पाळ्या वाढवाव्यात, तसा हा प्रकार होतो. माल निघत नाही, ग्रंथीचा आकार मात्र वाढत जातो. यालाच गलगंड म्हणतात.

गलगंड डोळ्यांना दिसतो; खरी हानी दिसत नाही. गर्भावस्थेच्या पहिल्या सुमारे तीन महिन्यांत बाळाचा मेंदू सर्वस्वी मातेच्या थायरॉक्सिनवर वाढतो. या काळात मातेला आयोडीनची तीव्र उणीव भासली तर गर्भपात, मृत बालकाचा जन्म, बहिरेपण, खुजेपण किंवा कायमचे मतिमांद्य संभवते. उणीव सौम्य असेल तर मूल धडधाकट दिसते, पण शिकण्यात मागे पडते. वर्गात त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होणे सोपे असते.

हा विकार फक्त हिमालयाच्या पायथ्याशी होतो, असा समज पूर्वी होता. पावसाने व पुराने जमिनीतील आयोडीन वाहून जाते. अशा जमिनीतील पाण्यात आणि धान्यातही ते अल्प उरते. डोंगर असो वा नदीखोरे, नियम एकच. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात दीर्घ प्रयोग केला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधे. पाच वर्षांनंतर आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरील बंदी २००० साली उठविण्यात आली होती. २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली.

हिशेब अगदी साधा आहे. प्रौढ व्यक्तीला दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवतीला सुमारे २५० लागते. ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या मिठात दर ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण आहे. म्हणजे दहा ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याला मिळून चार ग्रॅमही लागत नाहीत! मात्र शरीर त्याचा मोठा साठा करू शकत नाही, म्हणून ते रोज थोडे थोडे मिळावे लागते. अर्थात, आयोडीन मिळावे म्हणून जास्त मीठ खाण्याचे कारण नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर नाहीच.

उघड्या पोत्यातील खडे मीठ स्वस्त पडते व लोणच्याला चांगले, म्हणून ते घेतले जाते. काही घरी ते धुऊन वापरतात; त्यात असेल-नसेल ते आयोडीनही पाण्याबरोबर जाते. उपवासाचे सैंधव नेहमीच्या मिठाची जागा घेऊ शकत नाही. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत, ओल व चुलीची धग यांपासून दूर ठेवावे आणि शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे. चाचणी संचातील द्रावाचा थेंब टाकताच मीठ निळे-जांभळे झाले, तर त्यात आयोडीन आहे. ग्रामपंचायतीने गावातील दुकाने, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर येथील मीठ आरोग्य कर्मचाऱ्यांकडून असे तपासून घेतले, तर खर्च जवळजवळ शून्य येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याअंतर्गत शाळा व अंगणवाड्यांत येणारी वैद्यकीय पथके गलगंडाचीही तपासणी करतात. मंद, सतत पेंगणाऱ्या किंवा वाढ खुंटलेल्या मुलाकडे शिक्षकांनी त्या दिवशी पथकाचे लक्ष वेधावे.

काही बालकांत मात्र मीठ उपयोगी पडत नाही, कारण त्यांची अवटू ग्रंथी जन्मतःच अविकसित असते. खूप दिवस न उतरणारी कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरे रडणे, मोठी जीभ ही त्याची लक्षणे. पण जन्मानंतर लगेच ती बहुधा दिसत नाहीत. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून निदान होते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर असे मूल बहुधा इतरांसारखेच वाढते.