मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची साक्ष

तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात पापनाशम हे गाव वसलेले आहे. अशा उष्ण प्रदेशात शेतात राबणाऱ्या माणसाच्या शरीरातील बरेच पाणी घामावाटे निघून जाते. मूत्र दाट होते आणि त्यातील क्षारांचे स्फटिक साचून मुतखडा तयार होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते.

पाठीतून अरुंद वाट करून मूत्रपिंडातील खडा काढण्याची पद्धत स्वीडनमधील फर्नस्ट्रम व योहान्सन यांनी 1976 साली प्रसिद्ध केली. मोठ्या छेदाची गरज तिने पुष्कळ कमी केली. परंतु एक धोका मात्र राहिला. काही खड्यांच्या आतच जंतू दडलेले असतात. खडा फुटताच ते व त्यांची विषे मोकळी होतात आणि आत सोडलेल्या पाण्याच्या दाबामुळे रक्तात शिरू शकतात. शस्त्रक्रियेपूर्वीची मूत्रतपासणी निर्दोष असली तरीही असे घडते.

मग हा धोका वेळीच कसा ओळखावा? 38 अंश सेल्सिअसहून अधिक ताप, मिनिटाला 90 हून अधिक नाडी, 20 हून अधिक श्वास आणि दर घनमिलिमीटर रक्तात 12,000 हून अधिक श्वेतपेशी, यांपैकी दोन लक्षणे एकत्र आढळली तर शरीरव्यापी दाहाची शंका घेतात. श्वेतपेशी 4,000 हून कमी होणे हेही तितकेच चिंतेचे असते.

रक्तातील काही घटक याविषयी अधिक सांगतात. 1930 साली प्रथम वर्णिलेले सी-रिॲक्टिव्ह प्रथिन दाहामुळे वाढते. पण त्याचा कळस गाठण्यास सुमारे दोन दिवस लागतात, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेनेही ते वाढते. प्रोकॅल्सिटोनिन काही तासांतच वाढू लागते व जंतुदोषाकडे अधिक स्पष्टपणे बोट दाखवते. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पेशींचे परस्पर प्रमाण साध्या रक्तगणनेवरूनही काढता येते. म्हणून लहान रुग्णालयांना ते विशेष उपयोगी आहे.

यांपैकी कोणताही एक आकडा अंतिम निर्णय देत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा टिपून ठेवला असेल, तरच नंतरच्या वाढीचा अर्थ लावता येतो. तंजावरचे सरफोजी राजे (1777–1832) यांनी नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह जतन करवून घेतल्या होत्या. नोंदीचे हे महत्त्व आजही तितकेच आहे. रुग्णाला थंडी वाजून हुडहुडी भरली, रक्तदाब उतरला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर मात्र अहवालाची वाट पाहत बसू नये. उपचार तत्काळ सुरू करावेत.