दात साफ केल्याने ढिले होतात का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८. तिला मधुमेह आहे. दात घासताना रक्त येते, खालचे पुढचे दात हलतात. डॉक्टरांनी स्केलिंग करायला सांगितले आहे. पण त्याने दात आणखी ढिले होतात, असे शेजारच्या काकू म्हणतात. आई मशेरीही लावते. काय करावे?

उत्तर : स्केलिंग जरूर करून घ्या. दातांवरचा चिकट थर काढला नाही, तर तो कडक होऊन त्याचे कीटण बनते. हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. दात हलतात ते यामुळे. कीटण निघाल्यावर आधीच पडलेल्या फटी उघड्या होतात, म्हणून साफसफाईवर आळ येतो. काही दिवस थंड पाणी झोंबेल, ते सहसा आपोआप कमी होते. हिरडीखाली खोलवर कीटण असेल, तर मुळांची सफाईही लागेल.

मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही आटोक्यात राहत नाही. त्यामुळे दोन्ही उपचार एकत्र चालू ठेवा. उपाशीपोटी जाऊ नका. नेहमीची औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी, डॉक्टरांना आधी सांगा.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्यांचे नुकसान होते, तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. ती सोडायला आईला प्रेमाने मदत करा. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका; मऊ ब्रशने दोनदा दात घासा आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करा.