बंदीच्या दिवसांत एक काम: मुलांचे लसीचे कार्ड काढून बघा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. केरी, हरमल, मांद्रे, मोरजीत होड्या वर ओढून झाकल्या की जाळ्यांची दुरुस्ती सुरू होते. त्याच दिवसांत पायात खिळा जातो, बोटात गळ घुसतो, आणि मग आपण धावतो टीटी घ्यायला. स्वतःचे हे आपल्याला बरोबर आठवते. पण मुलाचा पाच वर्षांचा डोस झाला का, असे विचारले तर आपल्यातले निम्मे जण बायकोकडे बघतात. आम्हीही त्यातलेच.

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवर एकच लस आहे. बाळ दीड महिन्याचे, अडीच महिन्यांचे आणि साडेतीन महिन्यांचे झाले की ती पेंटाव्हॅलंट म्हणून मांडीत टोचतात. हे तीन डोस सहसा चुकत नाहीत, कारण बाळंतीण घरीच असते आणि नर्सबाईही आठवण करतात. घोळ होतो तो पुढे. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा पहिला बूस्टर, मग पाच-सहा वर्षांचे असताना दुसरा. तोवर मूल धडधाकट, शाळेत जाते, कार्ड कपाटात कुठेतरी. नंतर १० आणि १६ व्या वर्षी टीडीचा डोस असतो, तो तर बऱ्याच घरांत माहीतच नाही.

बूस्टर कशाला, असे कोणी विचारेल. लहानपणीच्या डोसांची ताकद वर्षांगणिक उतरत जाते. म्हणून आपल्या देशात आता घटसर्प पाच वर्षांवरच्या मुलांत आणि तरुणांतही दिसतो. २०१६ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तो पसरला, मुले दगावली. तोही आपल्यासारखाच किनाऱ्यावरचा, शिकलेला मुलुख. या रोगात घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो, आणि जंतूचे विष हृदयापर्यंत जाते. त्यावरचे प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तापासून बनते, आणि ते प्रत्येक दवाखान्यात तयार नसते. (पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सुरू झाली तीही घोड्यांपासून धनुर्वाताचे प्रतिविष काढण्यावरच.)

डांग्या खोकल्याचे वेगळे. मोठ्या माणसाला तो नुसता लांबलेला खोकला वाटतो, पण तोच घरातल्या तान्ह्या बाळाला लागला तर बाळ निळे पडते, कधी खोकतही नाही, श्वासच थांबतो. दीड महिन्याच्या आत बाळाला लस देता येत नाही. म्हणून घरातल्या मोठ्या भावंडांचे डोस पूर्ण असणे हेच त्याचे कुंपण. खोकणाऱ्याने बाळ घेऊ नये, मग तो आजोबा का असेना.

धनुर्वात मात्र एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्याचे जंतू गंजात नसतात, माती, शेण, धूळ यांत असतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही तिथे ते वाढतात. त्यामुळे शेजाऱ्यांची सगळी मुले टोचून घेतलेली असली तरी आपल्या मुलाला काही उपयोग नाही. बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, ते गरोदरपणातल्या इंजेक्शनांमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे. माती तीच आहे. गरोदर सुनेचे टीडी चुकवू नका.

टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, मूल किरकिरते. नर्सबाई सांगतील तेवढेच तापाचे औषध द्या, जागा चोळू नका. आधीच्या डोसानंतर झटके आले असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा. डीपीटी सात वर्षांपर्यंत मिळते, त्यानंतर टीडी.

होडीमालकांना एक विनंती. बाहेरून आलेल्या खलाशांची मुले आपल्याच मुलांबरोबर किनाऱ्यावर खेळतात. बंदीत ते गावी जात असतील तर कार्ड सोबत न्यायला सांगा, सरकारी केंद्रात देशात कुठेही ही लस फुकट आहे. कार्ड हरवले असेल तर जिथे टोचले तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते.

एक कुपी साधारण दहा मुलांची असते, म्हणून उपकेंद्रात लसीचा वार ठरलेला असतो. आधी वार विचारून जा, म्हणजे पावसातली फेरी फुकट जाणार नाही.