जा जेवायला, पण पावती घेऊन ये

अगं, आमंत्रणाचा फोटो पाहिला. पुण्यातल्या डीपी रस्त्यावरच्या लॉनवर पक्षाचं ‘स्नेहभोजन’, खाली सहयोग राशीचे तीन आकडे आणि क्यूआर कोड. सगळ्यात मोठा आकडा भरला की नेत्यांच्या शेजारचं टेबल. तू विचारतेस, ताई, जाऊ की नको? गेले तर टेकडी वाचवणाऱ्या मैत्रिणींना काय सांगू, आणि नाही गेले तर आप्पांना काय सांगू?

तुझी घालमेल मला समजते. आपल्या घरात जनसंघाच्या दिव्यापासून एकाच बाजूला मत पडत आलंय. अशा घरात पक्षावर नाराज होणं म्हणजे घरच्यांशी भांडल्यासारखं वाटतं. पण एक गोष्ट आधी नीट लक्षात घे. तत्त्व एका बाजूला आणि पक्षनिष्ठा दुसऱ्या बाजूला, असं हे सरळ नाही. निष्ठा हेही आपलं एक तत्त्वच आहे. दिलेला शब्द पाळायचा, ऋण काढून सण करायचा नाही, माणसापेक्षा संस्था मोठी मानायची, आणि वाडवडिलांनी राखून ठेवलेलं आपल्या हातून मोडू द्यायचं नाही, या सगळ्यांत निष्ठाही आली. म्हणून तर तुला झोप लागत नाहीये. ज्यांना वारा येईल तिकडे पाठ करायची असते, त्यांना असे प्रश्न पडत नाहीत.

आता पैशाचं बोलू. राजकारणाला पैसा लागतो आणि तो कुणीतरी द्यावा लागतो, यात लाजण्यासारखं काही नाही. उलट, तुझ्यामाझ्यासारख्यांनी दिला नाही तर तो कुठून येतो हे आपण पाहिलंच. २०१८ साली निवडणूक रोखे आले, देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपलेलं राहिलं, आणि सर्वाधिक पैसा आपल्याच पक्षाकडे, भाजपकडे, आला. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल मनापासून पटला, आणि ते मी आप्पांनाही सांगितलं. मोठ्या थैल्या गुपचूप येण्यापेक्षा लहान रकमा उघडपणे आलेल्या केव्हाही चांगल्या. ताटाला दर लावून निधी गोळा करण्याचा प्रकारही महाराष्ट्राला नवा नाही. मार्च २०१४ मध्ये नागपुरात केजरीवालांबरोबरच्या जेवणाला दहा हजार रुपये ठेवले होते.

तरी तुला ते टेबल खटकतंय, आणि मलाही खटकतंय. आपण लहानपणापासून पाहिली ती संघातली गुरुदक्षिणा. भगव्या ध्वजासमोर फूल वाहायचं, बंद पाकीट ठेवायचं आणि मागे येऊन आपल्या जागी बसायचं. १९२८ पासूनची ही पद्धत. कुणी किती दिले म्हणून कुणाची सतरंजी पुढे सरकत नाही. पक्षातही ११ फेब्रुवारीला, दीनदयाळ उपाध्यायांच्या स्मृतिदिनी, समर्पण निधी गोळा होतो. त्याआधीचं पाहायचं तर तळेगावला जा. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ मध्ये तिथे काचेचा कारखाना निघाला. त्या पैशामागे हजारो माणसं होती, त्यामुळे कारखाना कुणा एकाच्या उपकाराखाली नव्हता. देणाऱ्याला वेगळी खुर्ची मिळायला लागली की देणगीचा व्यवहार व्हायला लागतो. तू सगळ्यात लहान आकडा भर आणि मागच्या टेबलावर बस. तिथे जुने कार्यकर्ते असतात, आणि पक्षाचं खरं काय चाललंय ते त्यांच्याशी बोलूनच कळतं.

भरण्याआधी क्यूआर कोड स्कॅन करून खातं कुणाचं आहे ते बघ. पक्षाचं असेल तर ठीक. अमक्या भाऊंचं प्रतिष्ठान किंवा तमक्या दादांचं मित्रमंडळ निघालं तर एक रुपयाही देऊ नकोस, मग बोलावणारा कितीही जवळचा असो. त्यातून चेकच उत्तम. ‘रोख दिली तरी चालेल’ असं कुणी हळूच म्हणालं, तर नको म्हण. करसवलत हवी असेल तर पक्षाला दोन हजारांच्या वर रोख देणगी घेता येत नाही, आणि रोख दिलेल्या पैशावर देणाऱ्यालाही प्राप्तिकरात वजावट नाही. एका वर्षात वीस हजारांच्या वर दिलंस तर तुझं नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे कळवावं लागतं. कळवू देत. द्यायचं ते नाव सांगून द्यावं. आणि हेही माहीत असू दे की उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. म्हणून पावती मागणारा देणगीदार पक्षाच्याही हिताचा असतो.

निष्ठा म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. जून २०२२ मध्ये कसब्याच्या आमदार मुक्ताताई टिळक कर्करोगाशी झुंजत असताना अॅम्ब्युलन्समधून मुंबईला गेल्या आणि राज्यसभेचं मतदान करून आल्या. दहा दिवसांनी विधान परिषदेसाठी पुन्हा गेल्या. डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्या फेब्रुवारीत कसब्याच्या पोटनिवडणुकीत गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीत बसून केसरीवाड्यात कार्यकर्त्यांसमोर आले. तो फोटो पाहून मला रडू आवरलं नव्हतं. उमेदवारी टिळकांच्या घरात न जाता हेमंत रासने यांना मिळाली होती, पेठांमध्ये धुसफूस होती, तरी हा माणूस आला. आणि तरीही २ मार्च २०२३ ला, १९९५ पासून सलग हातात असलेला कसबा जवळपास अकरा हजार मतांनी गेला. त्याच महिन्याच्या शेवटी बापटही गेले.

मला विचारशील तर त्या निवडणुकीत पेठेतल्या मतदाराने गद्दारी केली नाही, त्याने कान धरला. पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच रासनेंना त्याच मतदारसंघाने निवडून दिलं. घरातलं माणूस चुकलं तर आपण बोलतो, अबोला धरतो, पण घर विकून टाकत नाही. निष्ठेत रागवायचा हक्क धरलेलाच असतो.

मेधाताई कुलकर्णींचंच बघ. २०१९ ला कोथरूडच्या विद्यमान आमदार असताना त्यांची उमेदवारी चंद्रकांत पाटलांना गेली. त्या पक्ष सोडून गेल्या नाहीत. पण ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातल्या पुलाच्या उद्घाटनावेळी आपल्याला डावललं गेलं, हे त्यांनी चारचौघांत स्पष्ट सांगितलं. २०२४ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. प्रत्येकीला असं फळ मिळतं असं मी म्हणत नाही, बहुतेकींना मिळत नाहीच. पण पक्षात राहूनही आवाज शाबूत ठेवता येतो, हे या शहराने पाहिलंय.

तुला सगळ्यात जास्त काय बोचतंय तेही मला ठाऊक आहे. २०१४ च्या प्रचारात सिंचन घोटाळ्याच्या आरोपांवरून अजित पवारांविरुद्ध घरोघर बोलत फिरलेला कार्यकर्ता २ जुलै २०२३ च्या दुपारी आपल्याच सरकारात त्यांचा शपथविधी टीव्हीवर पाहत होता. आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नव्हते, हे खरं. आघाड्या कराव्या लागतात, हेही खरं. पण काल जे छातीठोकपणे सांगितलं त्याचं उलट आज तितक्याच छातीठोकपणे सांगायला कार्यकर्त्याला लावणं चूक आहे. तिथे तू गप्प राहू शकतेस. टाळ्या वाजवायची सक्ती तुझ्यावर कुणी करू शकत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा व्हिप आमदार-खासदारांना लागतो, तुला-मला नाही.

आता टेकडी. बालभारती ते पौड फाटा हा जेमतेम दोन किलोमीटरचा रस्ता वेताळ टेकडीतून नेऊ नये म्हणून तू एप्रिल २०२३ च्या मोर्चात चाललीस, तेव्हा काही जणांनी तुला ‘विरोधकांची’ म्हटलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. अगं, परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या माणसाने टेकडी राखायची नाही तर कुणी राखायची? तिथली खाण, पावसाळ्यात तिच्यात साठणारं पाणी, सकाळी ओरडणारे मोर, हे कुठल्या पक्षाने दिलेलं नाही आणि कुठल्या पक्षाला मोडायचा अधिकार नाही. पौड फाट्यावरच्या गर्दीत रोज अडकणाऱ्याची अडचण खोटी नाही, ते मी मानते. तरी एकदा फोडलेला डोंगर परत उभा राहत नाही. म्हणून अशा कामात घाई करायची नसते, हा आपला विचार आहे आणि तो आपल्या माणसांना आपणच सांगायला हवा.

जेवणाच्या रात्री तो सांग. माईक मागू नकोस, वाद घालू नकोस, नेत्यांबरोबर सेल्फीच्या रांगेतही उभी राहू नकोस. स्थानिक आमदार किंवा नगरसेवक टेबलांवरून फिरायला येतील तेव्हा उभी राहा, नाव सांग, किती वर्षं मत देतोय ते सांग आणि एवढंच विचार, की या रस्त्यावर तुमची भूमिका काय, आणि ती लेखी कधी द्याल? रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार झाले. ते आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांना देत. कुणी न मागता देत. आपण मागितल्यावर तरी लेखी उत्तर मिळावं, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

उत्तर टाळलं तर पुढच्या वर्षी चेक लिहू नकोस, आणि का लिहीत नाही ते पत्राने कळव. सदस्यत्व मात्र सोडू नकोस. तुझ्यासारख्या बाहेर पडल्या तर आत ‘हो साहेब’ म्हणणारेच उरतील, आणि मग तुझा-माझा पक्ष फक्त नावाला उरेल. आप्पांशी मी बोलते. तू शनिवारी जा, नीट जेव, आणि टेकडीचं विचारल्याशिवाय उठू नकोस.